कोल्ह्याची लाल गाडी

देवदारांची रांग जिथे संपते, त्याच्याही वर एक खोरे होते. तिथे वर्षातले निम्मे महिने बर्फ मुक्कामाला येई. त्या खोऱ्यात एक कोल्हा आपल्या बायकोबरोबर सुखाने नांदत होता. कोल्हा कामसू होता, मायाळूही होता. पण, मुलांनो, त्याला एक खोड होती. कोणी थट्टेने काही बोलले की बाकीचे हसून विसरून जात, हा मात्र घरी येऊन तेच बोलणे दिवसचे दिवस मनात उगाळत बसे.

कोल्हीण शांत आणि हसतमुख होती. लहानपणी दरड कोसळून तिचा मागचा एक पाय दगडाखाली सापडला होता. जखम भरली, पण पाय अधू झाला तो झालाच. उन्हाळ्यात ती लंगडत, थांबत थांबत का होईना, हवी तिथे जाई. बर्फ पडला की मात्र तिचे पाऊल रुते आणि ते वर काढता काढता तिच्या डोळ्यांत पाणी येई. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कोल्ह्याने तिच्यासाठी एक घसरगाडी केली. तिला चाके नव्हती, छप्पर नव्हते. खाली देवदाराच्या रुंद, पुढून वळवलेल्या दोन फळ्या, वर बसायला पाट आणि पाटावर सुक्या गवताची गादी. दोरी छातीला लावून कोल्हा ती ओढी आणि गाडी बर्फावरून अशी सुळकन जाई की कोल्हीण म्हणे, "अहो, जरा हळू! माझे कान उडतील!" पाणवठा, शेजारपाजार, खिंडीपलीकडचे माहेर, सगळीकडे ती त्या गाडीतून जाऊ लागली. घसरगाडी म्हणजे तिचे पायच होते म्हणा ना!

एकदा हिवाळा सरता सरता कोल्हिणीच्या माहेरी मोठे जेवण होते. दोन्ही लेकी, दोन्ही जावई, सगळा गोतावळा जमायचा होता. कोल्हा नेहमीप्रमाणे बायकोला घसरगाडीत बसवून निघाला. खिंडीपर्यंत बर्फ होता, पण पलीकडच्या उतारावर तो वितळू लागला होता. शेवटचा पल्ला चिखलातून ओढत, धापा टाकत, पोटापर्यंत माखून कोल्हा सासरच्या दारात पोहोचला. तेवढ्यात खालच्या कोरड्या रस्त्याने त्याचा साडू, म्हणजे कोल्हिणीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, उंच चाकांच्या गाडीतून आला. गाडीला घुंगरू, खिडक्यांना पडदे. साडूने खाली उतरून शेपूट झटकली, चिखलाने माखलेल्या कोल्ह्याकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काय हो, बायकोला आणलंत की जळणाचा ओंडका ओढत आणलात?"

सगळे खो खो हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. कोल्ह्याने मान खाली घातली, ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही.

त्या दिवसापासून त्याच्या मनाने एकच घेतले. आपल्या बायकोलाही तसल्याच गाडीतून माहेरी न्यायचे. चारचौघांत तिचा मान राहिला पाहिजे. पुन्हा कोणी तिला ओंडका म्हणता कामा नये.

उन्हाळ्यात खालच्या गावचा एक रानबोका माल विकायला वर आला. त्याच्याजवळ एक गाडी होती. लाल रोगणाने चकाकणारी, दोन उंच चाकांची, छपराला झालर आणि पितळी घुंगरू लावलेली. तिच्या रुंद दारावर पांढरी कमळे रंगवलेली होती आणि दार इतके गुळगुळीत होते की कोल्ह्याला त्यात आपल्या मिश्या दिसल्या.

रानबोक्याने त्याच्या डोळ्यांतली ओढ बरोबर ओळखली. "खालच्या गावात सगळी मोठी मंडळी हीच गाडी वापरतात," तो म्हणाला. "तुमच्यासारख्याच्या दारात शोभेल."

"बर्फात चालते का हो?" कोल्ह्याने विचारले.

"आमच्याकडे बर्फ पडत नाही. पण एवढी मोठी चाकं आहेत, न चालायला काय झालं?"

रानबोका त्या गाडीच्या बदल्यात वाळवलेल्या जर्दाळूंची सगळी पोती मागत होता, आणि वर ती घसरगाडीही. तिचे लाकूड त्याला आवडले होते. कोल्हीण तेव्हा पाणवठ्यावर गेली होती. ती परत येईपर्यंत थांबावे असे कोल्ह्याच्या मनात क्षणभर आले. मग वाटले, कशाला? अचानक दाखवून तिला चकित करू. त्याने सौदा केला.

कोल्हीण परतली तेव्हा अंगणात लाल गाडी उभी होती आणि कोपऱ्यातली घसरगाडीची जागा रिकामी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. कमळांवरून पंजा फिरवला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. मग हळूच विचारले, "आणि बर्फ पडल्यावर हो?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," कोल्हा म्हणाला. "आधी बसून तर बघ!"

ती बसली. तो इतका आनंदात होता की तिला पुढे काही बोलवेना.

उन्हाळा छान गेला, खोटे कशाला सांगू? गाडी घुंगरू वाजवत निघाली की ससे वाटेतून बाजूला होत, चकोर माना उंचावून बघत. कोल्ह्याची छाती फुगे. पण माहेरी जायचा योग काही आला नाही आणि बघता बघता आभाळ राखाडी झाले.

पहिल्याच हिमवर्षावात चाके निम्मी गाडली गेली. कोल्ह्याने बर्फ उपसला, ढकलून पाहिले, ओढून पाहिले. गाडी अंगणाबाहेर गेली नाही. दुसरी घसरगाडी करावी, तर वाळलेले लाकूड सगळे बर्फाखाली गेलेले. शेजारच्या घसरगाड्या समोरून सुळसुळ जात आणि कोल्हीण खिडकीशी बसून त्यांच्याकडे बघे. तिने त्याला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. "आज पाणवठ्यावर कोण कोण भेटलं?" एवढेच विचारी. कोल्हा सगळे सांगे, पण सांगताना तिच्या डोळ्यांकडे पाहणे टाळी.

असे काही दिवस गेले. एके सकाळी खिंडीपलीकडून एक डोंगरकावळा आला आणि खिडकीवर टेकला. "तुमच्या आईला बरं नाही," तो कोल्हिणीला म्हणाला. "अन्नावरची वासना गेली आहे. पडून असतात. धाकटी कधी येईल, धाकटी कधी येईल, असं विचारत असतात."

कोल्हीण उठून उभी राहिली. "मी जाते," ती म्हणाली. कशी जाणार, कशातून जाणार, काही म्हणाली नाही. नुसती उभी राहिली.

शेजारी एक रानमेंढा राहत होता. त्याने कावळ्याचे बोलणे ऐकले होते. तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "माझी घसरगाडी घेऊन जा. जुनी आहे, पण खिंड पार करील."

मुलांनो, त्या क्षणी कोल्ह्याने फक्त "उपकार झाले" म्हणायचे होते. पण सासरच्या अंगणात, सगळ्यांसमोर, उसन्या घसरगाडीतून उतरणारी आपली बायको त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि साडूचे ते हसणे कानात वाजले. तो म्हणाला, "थंडी कडाक्याची आहे, बर्फ घट्ट झालाय. आमची गाडी जाईल."

रानमेंढ्याने कोल्हिणीकडे पाहिले. कोल्हिणीने आपल्या नवऱ्याकडे पाहिले. मग ती गाडीत बसली.

बर्फ खरोखरच घट्ट होता, म्हणून सुरुवातीची वाट बरी गेली. घुंगरू वाजत होते. कोल्ह्याला वाटले, जमले! पण खिंडीचा चढ लागला, ऊन वर आले आणि वरचा थर मऊ पडला. एक चाक कचकन आत गेले. पाठोपाठ दुसरे. कोल्ह्याने जोर लावला. दोरी छातीत रुतली, कातडे सोलवटले, पण गाडी तसूभर हलेना. वर बघतो तो ढग दाटून आलेले आणि बारीक बर्फ पडायला लागलेला.

कोल्हीण खाली उतरली. "चालून बघते," ती म्हणाली. थोडी पावले गेली आणि कमरेपर्यंत खचली. कोल्ह्याने तिला बाहेर ओढले, पाठीवर घेतले. दोघांच्या वजनाने तोही खचला. दोघे बर्फात पडले आणि तसेच पडून राहिले.

"माझ्यामुळे," कोल्हा म्हणाला. "तुझी आई तिकडे वाट बघतेय आणि माझ्यामुळे तू इथे..."

"ते नंतर," कोल्हीण म्हणाली. ती उठून बसली होती आणि गाडीकडे टक लावून पाहत होती. "अहो, ते दार निघतं का बघा."

"दार?"

"सपाट आहे. गुळगुळीत आहे. मी मावेन त्यावर."

कोल्ह्याने दाराकडे पाहिले. त्या दारावरच तर त्याचा जीव होता. पण आता त्याला कमळे दिसलीच नाहीत. त्याने दातांनी बिजागऱ्यांच्या खिळी उपटल्या. हिरडीतून रक्त आले, तरी थांबला नाही. दार धपकन बर्फावर पडले. त्याने छपराची झालर फाडून तिची दोरी वळली, दाराच्या कडीत ओवली, कोल्हिणीला वर बसवले आणि ओढले.

दार सुळकन पुढे आले! ज्या रोगणात मिश्या दिसत होत्या, ते बर्फावरून लोण्यासारखे घसरत होते.

गाडी मागे राहिली. वाऱ्याने हलणाऱ्या घुंगरांचा आवाज हळूहळू ऐकू येईनासा झाला. पडत्या बर्फात कोल्हा पुढे आणि कोल्हीण मागे, अशी दोघे चढत राहिली.

मग पाठ न वळवता कोल्हा म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," कोल्हीण म्हणाली. "हवं होतं. ती घसरगाडी माझी होती."

कोल्ह्याला वाटले होते, ती नेहमीसारखी "जाऊ द्या" म्हणेल. ती तसे म्हणाली नाही आणि तेच बरे झाले. मनातला दगड जागचा हलल्यासारखा त्याला वाटला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी भावजी बोलले, ते मला नाही लागलं. माझ्या पायावरून मी जन्मभर ऐकत आले आहे. मला लागलं ते वेगळंच. तुम्ही मान खाली घातलीत. मला वाटलं, यांना माझी लाज वाटते."

कोल्हा थबकला. दोरी तशीच छातीवर ठेवून तो वळला. "तुझी? अगं, मला माझी लाज वाटली! तुला चिखलातून आणलं म्हणून!"

"मग तसं सांगायचं होतं की घरी आल्यावर."

"सुचलं नाही."

"गाडी घ्यायचं बरं सुचलं," ती म्हणाली. तिच्या पापण्यांवर बर्फ साचला होता, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होते. कोल्ह्याने ते पाहिले आणि दुप्पट जोराने दोरी ओढली.

दिवस मावळायच्या आत ते माहेरच्या अंगणात पोहोचले. आवाज ऐकून सासरे बाहेर आले. कोल्हा बर्फाने पांढराफेक झालेला, तोंडाला रक्त लागलेले. मागे एका लाल दारावर त्यांची लेक बसलेली. म्हातारबांना काही उमजेना.

"अहो जावईबापू," ते म्हणाले, "हे काय आणलंत?"

"दार," कोल्हा म्हणाला. दुसरे काय सांगणार?

आतून क्षीण आवाज आला, "कोण आलंय? दार कसलं?"

कोल्हा आत गेला. सासूबाई गवताच्या बिछान्यावर पडल्या होत्या, एवढ्याशा झाल्या होत्या. तो त्यांच्या पायाशी बसला. खोटे बोलायला त्याच्यात बळच उरले नव्हते. "सासूबाई, तुमच्या लेकीला थाटात गाडीतून आणणार होतो," तो म्हणाला. "पण गाडी काही आली नाही. दार तेवढं आलं."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या मिश्या थरथरल्या, पोट हलू लागले, आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता पुन्हा हसल्या. "दार तेवढं आलं!" त्या म्हणाल्या. "अगं बाई! दार तेवढं आलं!" कोल्हीण लंगडत आत आली आणि आईच्या कुशीत शिरली. दोघी हसत होत्या की रडत होत्या, ते कोल्ह्याला कळले नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी लेकीच्या हातून वाटीभर जवाची पेज घेतली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या पोटात अन्न गेले.

पेज पिऊन झाल्यावर मात्र त्यांनी घराच्या दाराकडे पाहिले. "थोरली नाही आली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्याने बातमी आणली. थोरली आणि तिचा नवरा निघाले होते, पण त्यांची गाडी खालच्या वळणावर रुतून बसली होती. कोल्ह्याच्या छातीची जखम अजून ओली होती. सासरे म्हणाले, "आज राहू द्या, जावईबापू." कोल्ह्याने लाल दाराची दोरी उचलली आणि तो निघाला.

साडूची गाडी एका अंगावर कलली होती. पडदे ओढलेले होते. आत साडू शेपटीत तोंड खुपसून बसला होता आणि शेजारी कोल्हिणीची बहीण मुसमुसत होती. पडदा बाजूला झाल्यावर साडूने कोल्ह्याला पाहिले, मग त्याच्या मागचे दार पाहिले.

"आम्ही वाट मोकळी व्हायची वाट बघतोय," साडू ताठ मानेने म्हणाला. पण त्याचे दात वाजत होते.

आता, मुलांनो, कोल्ह्याच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आले होते. वाटेत त्याने ते घोळून घोळून धारदारही केले होते. ते बोलला असता तर साडू जन्मात विसरला नसता. पण त्याला स्वतःची खाली गेलेली मान आठवली. एका वाक्याने एका घराचे केवढे नुकसान होते, हे त्याला आता चांगलेच ठाऊक होते. त्याने ते वाक्य गिळून टाकले.

"ताई, तुम्ही दारावर बसा," तो म्हणाला. "आई वाट बघताहेत. आणि साडूभाऊ, तुम्ही मागून ढकला. चढ अवघड आहे, मला एकट्याला जमायचं नाही."

साडू खाली उतरला. ढोपरापर्यंत बर्फात गेला. आधी नुसताच हात लावल्यासारखे करत होता, पण चढ लागल्यावर खराच ढकलू लागला. अर्ध्या वाटेत तो मागून म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो होतो ना काहीतरी."

"बोलला होतात," कोल्हा म्हणाला.

"बोलायला नको होतं."

"ढकला," कोल्हा म्हणाला, "वळण आलंय." पण त्याचा आवाज मऊ झाला होता.

दोन्ही लेकी उशापायथ्याशी बसल्यावर सासूबाई भराभर सावरल्या. कोल्ह्याने सासऱ्यांकडून देवदाराच्या वाळलेल्या फळ्या मागून घेतल्या आणि अंगणात नवी घसरगाडी करायला घेतली. या वेळी तो प्रत्येक गोष्ट कोल्हिणीला विचारत होता. पाट किती उंच हवा? अधू पाय कुठे टेकवशील? पाठीला टेकू हवा का? कोल्हीण सांगत होती. एकदा तिने पाट मोडून पुन्हा करायला लावला, आणि त्याने तो केला. साडू फळ्या धरून बसे. "पुढून वळवता कशा?" त्याने विचारले. "वाफ देऊन," कोल्हा म्हणाला आणि त्याने करून दाखवले.

"आणि ती लाल गाडी?" एकदा सासऱ्यांनी विचारले.

"बर्फ वितळला की आणीन," कोल्हा म्हणाला. "कोरड्या रस्त्याला चांगली आहे. तिला कशाला दोष देऊ?"

गाडी तयार झाली त्या दिवशी आभाळ निळेभोर होते. उतारावर ऊन पसरले होते. कोल्हीण बसून बघणार, एवढ्यात सासूबाई घोंगडीत गुंडाळून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आधी मी."

"अगं, तू आत्ताच उठली आहेस!" सासरे म्हणाले. पण त्या ऐकतात कुठल्या! त्या मधे बसल्या, एका बाजूला थोरली, एका बाजूला धाकटी. दोघींचे हात त्यांनी घट्ट धरले.

कोल्ह्याने दोरी छातीला लावली. "सावकाश नेतो हं, सासूबाई."

"सावकाश?" सासूबाई म्हणाल्या. "सावकाश बिछान्यात पडून पडून कंटाळले मी. पळा, जावईबापू, पळा!"

कोल्हा पळाला. आणि मुलांनो, खोऱ्यातल्या सशांनी आणि चकोरांनी त्या दिवशी पाहिले, की एक म्हातारी कोल्हीण दोन लेकींना कवटाळून उतारावरून वाऱ्यासारखी जात होती आणि "आणखी! आणखी!" म्हणून ओरडत होती.

तात्पर्य : लोक काय म्हणतील या विचाराने घेतलेली वस्तू लोकांच्याच कामाची; जिला बसायचे तिला आणि जिच्यावरून जायचे त्या वाटेला विचारावे, म्हणजे मान आपोआप सोबत येतो.